मुकुटबनला लस आहे

यवतमाळच्या आमच्या दवाखान्यात जिन्याखाली एक खोली आहे. पूर्वी तिथं ऑक्सिजनच्या रिकाम्या टाक्या ठेवत. मग टाक्या बाहेर गेल्या, एसी लागला आणि दारावर 'सर्व्हर रूम, प्रवेश बंद' अशी पाटी आली. माझ्या नोकरीची शेवटची बरीच वर्षं त्या पाटीच्या आत गेली. पाटी वाचूनही लोक आत यायचेच. कोणाला मोबाइल चार्ज करायचा असे, कोणाला उन्हातून आल्यावर दोन मिनिटं गारव्याला बसायचं असे. दिग्रसकडच्या एका म्हाताऱ्यानं एकदा दार ढकलून आत डोकं घातलं, सगळीकडे नजर फिरवली आणि हळू आवाजात विचारलं, "मुडदे इथंच ठेवता काय, भाऊ?" मी म्हटलं, "नाही बाबा, इथं कॉम्प्युटर ठेवतात." त्याला ते पटलं नाही. एवढी थंड हवा कॉम्प्युटरला कायले लागते, असं पुटपुटत तो गेला.

माझ्या कामाबद्दल लोकांना काही सांगायचं म्हणजे नेहमी हीच पंचाईत. अब्बांचं मोटर बांधायचं दुकान होतं. शेतकरी जळालेली मोटर घेऊन यायचा, अब्बा तांब्याची तार नव्यानं गुंडाळून द्यायचे, मोटर विहिरीवर जाऊन पाणी फेकायची. त्यांचं काम डोळ्यांना दिसायचं. माझं काम चांगलं चाललं असेल तर काहीच दिसत नाही. बिघडलं की सगळ्यांना दिसतं.

आमची संस्था धर्मादाय. यवतमाळात मोठा दवाखाना, आणि नेर, महागाव, पांढरकवडा, वणी, मुकुटबन इथं छोटे छोटे. मुख्य कार्यालय नागपूरला. ज्या गोष्टीबद्दल मी लिहितो आहे ती सुरू झाली नेरहून, प्रफुल सरांपासून.

प्रफुल गावंडे नेरच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. कॉम्प्युटरचा नाद स्वतःच लावून घेतलेला. त्यांच्या वर्गातल्या एका मुलाच्या बापाला शेतात साप चावला. घरच्यांनी जीप करून एका दवाखान्यात नेलं, तिथं लस संपलेली. दुसरीकडे नेलं, तिथंही नाही. तिसऱ्या ठिकाणी होती, पण तिथं पोचेपर्यंत माणूस गेला. प्रफुल सर सांत्वनाला गेले आणि घरी येऊन त्यांनी एक वेबसाइट लिहायला घेतली. कोणत्या दवाखान्यात सापाच्या विषावरची लस किती आहे, एवढंच त्यावर दिसायचं. लस वापरली की दवाखान्यानं लगेच आकडा कमी करायचा. एका दवाखान्याला दुसऱ्याकडून लस हवी असेल तर तिथूनच मागणी टाकायची. आमच्या संस्थेनं ती आपल्या दवाखान्यांसाठी घेतली. प्रफुल सरांनी एक पैसा मागितला नाही.

ही वेबसाइट त्यांनी पीएचपीत लिहिली होती. वेबसाइटची पानं लिहायची ही एक सुटसुटीत भाषा आहे. तिचा स्वभाव रोजमजुरीच्या माणसासारखा. तुम्ही पान मागितलं की तो येतो, काम करतो, हातपाय धुतो आणि घरी जातो. पुन्हा पान मागितलं की नवा माणूस येतो. आधीच्याचं काहीही त्याच्या डोक्यात नसतं. त्यामुळं एखाद्यानं काम थोडं गबाळं केलं तरी तो गेला की त्याचा पसाराही जातो.

नागपूरच्या कार्यालयानं मात्र जावा या दुसऱ्या भाषेवर चालणारा मोठा सर्व्हर घेतला. जावाचा सर्व्हर म्हणजे कापसाची जिनिंग फॅक्टरी. एकदा सुरू झाली की हंगामभर यंत्रं बंद होत नाहीत, माणसं पाळीत काम करतात, अवजारं एकमेकांच्या हातातून फिरतात. अशा ठिकाणी काम भरपूर आणि भराभर होतं. नागपूरहून नियम आला की संस्थेचं जे काही चालतं ते सगळं या एकाच सर्व्हरवर चालेल. नियम चुकीचा नव्हता. दहा ठिकाणी दहा मशीन सांभाळणं किती कठीण असतं हे माझ्याइतकं कोणाला माहीत असणार?

पण पीएचपीचं काय करायचं? सगळं जावात नव्यानं लिहायला माणसंही नव्हती आणि वेळही नव्हता. तेव्हा मी एक दुभाषी बसवला. जावातच लिहिलेला असा प्रोग्राम मिळतो, जो पीएचपीची पानं वाचतो आणि जावाच्या सर्व्हरला त्याच्या भाषेत समजावून सांगतो. प्रफुल सरांचा एक शब्द न बदलता त्यांची वेबसाइट फॅक्टरीच्या आत चालायला लागली. त्या दिवशी मी घरी जाताना बायकोसाठी जिलबी घेऊन गेलो.

दुभाषी बसवला की गमती सुरू होतात. पहिली तक्रार नेरहून आली, लॅबच्या खिडकीवरून. रक्ताच्या बाटलीवर चिकटवायच्या चिठ्ठीत पेशंटचं नाव छापायचं एक जादा पान प्रफुल सरांनी नेरच्या लॅबला लिहून दिलं होतं. साधी पीएचपी नाव मोजते ते बाइटमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरमध्ये किती जागा लागते त्या मापानं, आणि आपल्या देवनागरीच्या एका अक्षराला, मात्रेला, प्रत्येकी तीन बाइट लागतात. त्या हिशोबानं प्रफुल सरांनी नाव कुठं कापायचं ते ठरवलं होतं. जावा मोजतो अक्षरं. कापायचा आकडा तोच राहिला, माप बदललं, आणि नावं एकदम तिप्पट लांब छापून यायला लागली. खिडकीवरचा माणूस फोनवर म्हणाला, "सलीमभाऊ, तुमच्या नव्या मशीननं लोकाइचे नावं वाढवले ना. बाईचं नाव, नवऱ्याचं नाव, सासऱ्याचं नाव, सारं येऊन राह्यलं. तपासणी कोणती करावं थे लिहाले जागाच नाई उरली." ते दुरुस्त केलं. अशी बारीकसारीक खडे निवडण्याची कामं पुष्कळ झाली आणि मला वाटलं की तांदूळ आता निवडून झाले.

श्रावणातली सकाळ होती. कपाशीत निंदणाचे दिवस. बायका वाकून तणात हात घालतात, आणि तणाखाली काय बसलंय ते दिसत नाही. आमच्या भागात साप चावण्याचे सगळ्यात जास्त पेशंट याच दिवसांत येतात. मी खोलीत होतो. फोन वाजला. मुकुटबनच्या डॉक्टर शुभांगी. वर्ध्याकडच्या, वयानं लहान, बोलताना कधी घाई न करणाऱ्या.

"सलीमभाऊ, तुमचा पडदा माझ्याकडे लस आहे असं दाखवतोय का?"

"पाहतो मॅडम."

"पाहू नका, ऐका आधी. माझ्याकडे एकही नाही. सकाळी दोन पेशंट आले, होती नव्हती ती सगळी त्यांना लागली. मी तेव्हाच आकडा शून्य केला. आता देवराव एक बाई घेऊन माझ्याकडे येऊन राह्यलाय, झरीच्या पलीकडून. त्याला कोणी पाठवलं?"

देवराव मेश्राम आमच्या अँब्युलन्सचा ड्रायव्हर. झरीपासून एक रस्ता मुकुटबनला जातो, दुसरा पांढरकवड्याला. कुठं वळायचं हे देवराव यवतमाळला विचारायचा, आणि यवतमाळात ते सांगायच्या वंदना सिस्टर. त्यांचं टेबल माझ्या खोलीच्या वर, जिन्याच्या तोंडाशी. समोर प्रफुल सरांची वेबसाइट कायम उघडी.

मी धावत वर गेलो. सिस्टरांच्या पडद्यावर मुकुटबनसमोर चांगला भरलेला आकडा होता.

"सिस्टर, देवरावले तुम्ही मुकुटबनला पाठवलं?"

"हो. पांढरकवड्याले कमी दिसून राह्यली होती, मुकुटबनले जास्त. काहून?"

मी त्यांच्या माउसला हात लावला आणि पान पुन्हा मागितलं. मुकुटबन शून्य.

"आता होतं ना हो. मी डोळ्यानं पाह्यलं. तुम्हीबी पाह्यलं."

"पाह्यलं."

मी पुन्हा पान मागितलं. शून्य. पुन्हा. शून्य. आणि आणखी एकदा मागितलं तर तोच सकाळचा भरलेला आकडा परत आला.

वेबसाइट बंद पडलेली मी पुष्कळदा पाहिली होती. चुकीचा आकडा दाखवणारीही पाहिली होती. ही मात्र एकदा खरं बोलत होती, एकदा खोटं, आणि दोन्ही वेळा चेहरा तोच.

आधी बाई. देवरावला फोन लावला. तो मुकुटबनच्या जवळ पोचला होता. मागं परतून पांढरकवड्याला जायचं तर घालवलेला सगळा वेळ पुन्हा घालवायचा. पुढं वणी होती. पडदा सांगत होता की वणीला भरपूर आहे. पण आता त्या पडद्यावर कोण विश्वास ठेवणार? सिस्टरांनी वणीच्या औषध खिडकीला फोन केला आणि म्हणाल्या, "कॉम्प्युटर पाहू नका. कपाट उघडा अन् हात लावून सांगा." फोन तसाच चालू. पलीकडे कपाटाचं दार कुरकुरल्याचं ऐकू आलं. मग आवाज, "आहे सिस्टर. पुरेल एवढी आहे."

मी डॉक्टर शुभांगींना सांगितलं. त्या म्हणाल्या, "पेशंट इथं उतरवत नाही. मीच गाडीत चढते. वणीवाल्यांना म्हणा, लस घेऊन जीप माझ्याकडे काढा. रस्त्यात जिथं भेटू तिथं."

"बाई कशी आहे मॅडम?"

"देवराव म्हणतो हिरड्यांतून रक्त येतंय. परड असणार." परड म्हणजे घोणस. तिच्या विषानं रक्त गोठणं थांबतं.

बाईचं नाव भीमाबाई टेकाम. ते मला तेव्हा कळलं, कारण सिस्टरांनी ते कागदावर लिहून घेतलं आणि वणीला कळवलं.

गाड्या निघाल्या. त्यांच्यासाठी आता माझ्या हातात करण्यासारखं काही नव्हतं. पण सिस्टर माझ्याकडे पाहत होत्या. "मंग आता बाकीच्यायचं काय? महागावले कोणाले आणलं अन् डॉक्टरनं हेच पाह्यलं तर? मी कोणाचं खरं मानू, सलीमभाऊ?"

पडदा सगळीकडे उघडा होता. सगळ्या दवाखान्यांत त्या क्षणी कोणी ना कोणी त्यावर विसंबून असणार. मी नागपूरला दाणी साहेबांना फोन केला. ते आमच्या कॉम्प्युटर विभागाचे प्रमुख. शांत गृहस्थ, प्रत्येक गोष्ट पूर्ण ऐकून घेणारे. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सर्व्हर रीस्टार्ट करा."

"साहेब, रीस्टार्ट केलं तर लगेच बरोबर चालेल. पण कशानं झालं ते पुसून जाईल. उद्या परवा पुन्हा होईल आणि कोणाला कळणारही नाही."

"मग काय म्हणणं आहे तुमचं?"

"मशीन चालू ठेवतो, पण बाहेरच्यांसाठी वेबसाइट बंद करतो. आत काय चाललंय ते पाहतो."

"सलीम, हंगाम चालू आहे. तुम्ही सगळ्या डॉक्टरांना एकदम आंधळं करताय."

"साहेब, आंधळा माणूस निदान हात लावून पाहतो."

बराच वेळ फोनमध्ये नुसता त्यांच्या खोलीतल्या पंख्याचा आवाज येत होता. मला वाटलं, नाही म्हणणार. त्यांच्यावरही कोणी असेलच. वेबसाइट बंद कोणी केली म्हणून उद्या विचारणार असेल. मग ते म्हणाले, "बंद करा. माझ्या नावानं करा."

मी खाली गेलो आणि वेबसाइटच्या जागी एकच वाक्य लावलं. 'लस कुठे आहे ते फोन करून विचारा', आणि खाली सिस्टरांचा नंबर. परत वर आलो तेव्हा सिस्टर प्रत्येक दवाखान्याला फोन करत होत्या, कपाट उघडायला लावत होत्या, आणि पाटीवर लिहायच्या जाड पेननं समोरच्या खिडकीच्या काचेवर गावांची नावं आणि आकडे लिहीत होत्या. नाष्ट्याचा डबा तसाच बाजूला. एक फोन ठेवला की दुसरा वाजायचा.

मी पुन्हा माझ्या गार खोलीत गेलो.

खरं खोटं आलटून पालटून का दिसतं? आकडे ठेवलेले असतात डेटाबेसमध्ये. मी थेट डेटाबेसलाच विचारलं. मुकुटबन शून्य. म्हणजे मूळ नोंद बरोबर होती. डॉक्टर शुभांगींनी शून्य केलेलं नीट पोचलं होतं. खोटं येत होतं ते मधल्या रस्त्यात. मग हा जुना आकडा राहत होता कुठं?

मधल्या रस्त्याबद्दल थोडं सांगतो. वेबसाइटला डेटाबेसशी बोलायचं तर लाइन लागते, टेलिफोनसारखी. साधी पीएचपी दर वेळी लाइन लावते, बोलते, फोन ठेवते. जावाचा सर्व्हर असा वेळ घालवत नाही. तो काही लाइनी कायमच्या लावून ठेवतो. ज्या पानाला बोलायचं आहे त्यानं रिकामी लाइन उचलायची, बोलायचं, आणि न तोडता परत ठेवायची. पुढचं पान तीच लाइन उचलतं.

मला शंका आली ती इथं. मी पानाच्या तळाशी बारीक अक्षरात एक आकडा छापायला लावला, हे पान कोणत्या लाइनीवरून बोललं त्याचा. आणि पुन्हा पुन्हा पान मागत बसलो. शून्य, शून्य, शून्य. मग भरलेला आकडा आला. मी तळाशी पाहिलं आणि लाइनीचा नंबर लक्षात ठेवला. पुन्हा मागत राहिलो. पुन्हा खोटा आकडा आला. तोच नंबर. आणखी एकदा. तोच.

बाकी सगळ्या लाइनी खरं बोलत होत्या. एकच आजारी होती. आणि रीस्टार्ट केलं असतं तर तीही बरी होऊन बाकीच्यांत मिसळून गेली असती.

फोन वाजला. डॉक्टर शुभांगी. मागं गाडीचा घरघराट.

"जीप भेटली. लस सुरू केली आहे, इथंच, रस्त्याच्या कडेला. नळीत रक्त घेऊन ठेवलं होतं, अजिबात गोठलं नाही. लशीमुळं हिला थंडी वाजून आलीय, म्हणून थोडं थांबून पुन्हा देते. वणीला पोचायचं आहे. इतकंच सांगायला फोन केला." आणि फोन बंद झाला.

मी नेरला प्रफुल सरांच्या शाळेत फोन लावला. तासावर होते. शिपायाला म्हटलं, तातडीचं आहे, बोलवा. ते आले तेव्हा आवाजात धाप होती.

"सर, डेटाबेसमध्ये तुम्ही काम सुरू करून ते संपलं असं न सांगता बाहेर पडता, असं कुठलं पान आहे का?"

हे थोडं उलगडून सांगायला हवं. लशीची मागणी टाकताना मधेच दुसऱ्या कोणी आकडा बदलला तर घोळ होईल. म्हणून पान आधी डेटाबेसला सांगतं, 'काम सुरू करतो आहे.' मग डेटाबेस त्या क्षणाचं चित्र त्या लाइनीसाठी धरून ठेवतो. बाहेर काहीही बदललं तरी त्या लाइनीला तेच चित्र दिसतं. काम संपलं असं सांगितलं की चित्र सोडून देतो.

प्रफुल सरांनी विचार केला. "मागणीचं पान आहे. मागणी टाकली तर संपलं असं सांगतो. पण कोणी मागणी मधेच रद्द केली तर..." ते थांबले. "रद्द केली तर तसाच बाहेर पडतो. तिथं काही जतन करायचं नसते ना. पान संपलं की लाइन तुटते, डेटाबेस आपोआप सोडून देते. कायम असंच चालत आलं."

"तुमच्याकडे चालत आलं सर. इथं लाइन तुटत नाही."

सगळा उलगडा झाला होता. सकाळी कोणीतरी, वणीला असेल, महागावला असेल, एक मागणी टाकायला घेतली आणि रद्द केली. किती साधी गोष्ट. ती लाइन सकाळचं चित्र हातात धरून परत जागेवर गेली. त्यानंतर मुकुटबनची लस संपली, शून्य झालं. पण ज्याला ती लाइन मिळाली त्याला सकाळच दिसत राहिली. सिस्टरांना देवरावचा फोन आला तेव्हा त्यांच्या वाट्याला नेमकी तीच लाइन आली. आणि ज्या दिवशी कोणी त्या लाइनीवरून नवी मागणी टाकायचं, त्या दिवशी जुनं चित्र आपोआप सुटून ती बरी व्हायची. याआधी असं कितीदा झालं असेल आणि आपोआप बरं झालं असेल, ते मला आजही माहीत नाही. हा विचार मला सगळ्यात जास्त छळतो.

फोनवर प्रफुल सर म्हणाले, "सलीमभाऊ, काही झालं काय? तुमी असं काहून विचारून राह्यले?"

मी सांगितलं. झरीपलीकडची बाई, मुकुटबनचा रस्ता, वणीची जीप.

पलीकडे शाळेची मधली सुट्टी झाली होती. पोरांचा गलका ऐकू येत होता. त्यात ते एवढंच म्हणाले, "माह्याच पानानं फिरवलं तिले."

"सर, तुमचं पान तुमच्या घरी बरोबर होतं. सर्व्हरही त्याच्या घरी बरोबर आहे."

"बाई कोणाच्या घरी होती मंग?"

दुरुस्ती फार मोठी नव्हती. लाइन परत ठेवताना तिच्यावरचं अर्धवट काम पुसून टाकायचं, असं सर्व्हरला सांगायची एक सोय असते. आमच्याकडे ती बंद होती, कारण सर्व्हर तसाच येतो. जावाची पानं लिहिणारे आपलं काम स्वतः संपवतात, त्यांना तिची गरज पडत नाही. मी ती सुरू केली. प्रफुल सरांनी रद्दच्या वाटेवरही काम संपल्याचं सांगणारी ओळ घातली आणि पाठवली. मग मी मुद्दाम मागण्या टाकल्या आणि रद्द केल्या, पुन्हा टाकल्या, पुन्हा रद्द केल्या, आणि प्रत्येक लाइनीवरून पान मागून पाहिलं. जुनं चित्र कुठंच उरलं नव्हतं. तरी वेबसाइट उघडायला माझा हात धजेना. वर जाऊन सिस्टरांच्या काचेवरचा प्रत्येक आकडा पडद्याशी ताडून पाहिला आणि मगच उघडली. सिस्टर म्हणाल्या, "उघडा तुमी. पण मी काच पुसत नाई." पोळ्यापर्यंत त्यांनी ती पुसली नाही. वेबसाइट पाहायच्या, फोन करायच्या, काचेवर लिहायच्या.

दुपारी वणीहून निरोप आला. रक्त गोठायला लागलं आहे. पण लघवी होत नाही, किडनीवर ताण आला आहे, यवतमाळला हलवावं लागेल. संध्याकाळी देवरावनंच भीमाबाईंना आणलं. स्ट्रेचर आत गेल्यावर तो माझ्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. मी स्टूल पुढं केलं. तो बसला नाही.

"माह्यावर तं नाई ना येत काही, भाऊ?" त्यानं विचारलं. "मी विचारूनच वळवली गाडी."

"तुह्यावर काही येत नाही, देवराव."

"बाईचा पोरगा गाडीत मले विचारत होता, पयले इकडं काहून आणलं म्हणून. मी म्हटलं, मशीननं सांगतलं." त्यानं टोपी काढून घाम पुसला. "असं सांगाले बरं नाई वाटलं मले."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं प्रफुल सर यवतमाळला आले. शाळेला सुट्टी टाकून. मला वाटलं सर्व्हर पाहायला आले असतील, पण त्यांनी त्याकडे बघितलंही नाही. भीमाबाईंना कुठं ठेवलंय तेवढं विचारलं, डायलिसिसच्या खोलीबाहेरच्या बाकावर जाऊन बसले आणि भीमाबाईंच्या मुलासाठी कँटीनमधून पोहे आणून दिले. आपण कोण ते त्यांनी त्याला सांगितलं की नाही, मी विचारलं नाही.

दाणी साहेबांनी अहवाल मागितला. चूक कोणाची, असा एक रकाना त्यात असतो. मी लिहिलं की दोन वेगळ्या स्वभावाच्या गोष्टी एकत्र चालवताना एकीनं जे गृहीत धरलं होतं ते दुसरीकडे नव्हतं. त्यांनी फोन करून विचारलं, "नाव कोणाचंच नाही?" मी म्हटलं, "नाव घालायचं तर तिघांचं घाला. वेबसाइट लिहिणाऱ्याचं, दुभाषी बसवणाऱ्याचं आणि एकच सर्व्हर हवा म्हणणाऱ्याचं." ते थोडं हसले, मग हसायचे थांबले. रकाना रिकामा गेला. पण त्यानंतर बाहेरून आणलेली कोणतीही वेबसाइट त्या सर्व्हरवर चढवायच्या आधी ती काय काय गृहीत धरते हे लिहिणाऱ्याला समोर बसवून विचारायचं, असा नियम झाला. आणि तो माझ्या नोकरीच्या शेवटपर्यंत पाळला गेला, याचा मला अभिमान आहे.

भीमाबाई वाचल्या. काही दिवस डायलिसिस लागलं, मग किडनी आपलं काम करायला लागली. पाय मात्र पूर्ववत झाला नाही. सूज उतरली तरी जड राहिला, उकिडवं बसता येईना. निंदणाला जाणाऱ्या बाईला उकिडवं बसता येत नाही म्हणजे काय, हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. वेळेत लस मिळाली असती तर पाय वाचला असता का, हे मी डॉक्टर शुभांगींना एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, "कदाचित. नक्की कोणी सांगू शकत नाही." त्यांनी मला बरं वाटावं म्हणून नाही म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण त्या तशा नव्हत्या.

घरी सोडायच्या आदल्या दिवशी भीमाबाई व्हरांड्यात बसल्या होत्या, पाय पुढं लांब करून. मी जिना उतरत होतो. त्यांनी हात करून बोलावलं. मास्तरांनी, म्हणजे प्रफुल सरांनीच, त्यांना माझ्याबद्दल सांगितलं होतं.

"तू काय करतं रे बाबा इथं?"

मी त्यांच्याजवळ खाली बसलो. "मावशी, कोणत्या दवाखान्यात सापाची लस आहे ते पडद्यावर दिसते. त्या पडद्याचं काम मी पाहतो."

"मंग माह्यावाली कुठं दिसली होती?"

"मुकुटबनले."

"अन् होती कुठं?"

"वणीले."

त्यांनी पायावरून हात फिरवला. राग नव्हता चेहऱ्यावर. जसा एखादा माणूस वाट विचारून घेतो तशा त्या विचारत होत्या.

"आता बराबर दिसते काय?"

"दिसते मावशी."

"तू पाह्यलं काय? जाऊन?"

मी नाही म्हटलं. मी इथं बसूनच पाहतो, असं सांगितलं.

"मंग तुले कसं मालूम?"

मी त्यांना लाइनींबद्दल, चित्राबद्दल काही सांगणार होतो. पण तोंडाशी आलेलं तसंच राहिलं. मग त्यांचा मुलगा चहा घेऊन आला आणि मी उठलो.

वर जाऊन वंदना सिस्टरांच्या टेबलावरचा फोन उचलला आणि मुकुटबनला लावला. डॉक्टर शुभांगींनीच घेतला.

"मॅडम, कपाटाशी जाता का जरा? मी फोन धरून आहे."